पाटी ‘फ्युचर आय-२७’ची, पण पैसा कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पश्चिम टेक्ससमध्ये यूएस ८७ या महामार्गावर तुमचं मोटेल आणि गॅस स्टेशन आहे. गावच्या चेंबर ऑफ कॉमर्सने तुम्हाला महामार्ग समितीवर घेतलंय. २०२२मध्ये अमेरिकी काँग्रेसने मेक्सिकोच्या सीमेवरच्या लरेडोहून उत्तरेकडे जाणारा हा पट्टा ‘भावी इंटरस्टेट २७’ (थोडक्यात आय-२७; इंटरस्टेट म्हणजे देशभरच्या द्रुतगती महामार्गांच्या जाळ्यातला रस्ता) म्हणून कायद्यात घातला, तेव्हा गावात जोरदार मेजवानी झाली. त्यानंतर रस्त्यावर खडीची एक पाटीही पडलेली नाही. मान्यता मिळाली, मग निधी का नाही, आणि आता नेमकं काय मागायचं?

माझी बरीच वर्षं राज्यांच्या परिवहन खात्यांसाठी महामार्गांचे आराखडे आणि फेडरल अनुदानाचे अर्ज तयार करण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो. मान्यता देणारा हात वेगळा असतो आणि पैसे देणारा वेगळा, आणि ते एकमेकांना विचारून चालत नाहीत. तुमच्या रस्त्याची सध्याची अवस्था नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा अशीच आहे. पण नुसतं नावही अगदीच वाया जात नाही. ते कुठे वापरायचं हे कळलं पाहिजे.

आपल्याकडून आलेल्या माणसाचा इथे एक गैरसमज हमखास होतो. भारतात रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित झाला की तो केंद्राचा होतो. (‘तत्त्वतः’ घोषित होऊन वर्षानुवर्षं लटकलेले रस्ते महाराष्ट्रातही कमी नाहीत, ते सोडा.) अमेरिकेत इंटरस्टेटसुद्धा राज्याच्या मालकीचा असतो. तो बांधायचा राज्याने, राखायचा राज्याने, आणि कुठला तुकडा आधी घ्यायचा हेही राज्यच ठरवतं. वॉशिंग्टन आपला वाटा देतं, तोही बहुतेक वेळा आधी राज्याने खर्च केल्यावर परताव्याच्या रूपात. महामार्गाला हा वाटा साधारण ८० टक्के असतो, इंटरस्टेटला ९० टक्के. उरलेल्या वाट्याला इथे ‘मॅच’ म्हणतात आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. त्यामुळे टेक्सडॉटच्या, म्हणजे टेक्ससच्या परिवहन खात्याच्या, मनात नसेल तर काँग्रेसने कितीही वेळा नाव घेतलं तरी रस्ता हलत नाही.

आता हे नाव देण्याचं प्रकरण सुरू कुठून झालं ते पाहू, कारण तुमच्या समितीतल्या जुन्या लोकांच्या डोक्यात बहुधा मागच्या काळाचे नियम असतील.

डिसेंबर १९९१मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी ‘आइस्टी’ नावाच्या परिवहन कायद्यावर सही केली. १९५६पासून चाललेलं मूळ इंटरस्टेट जाळ्याचं बांधकाम तोवर संपत आलं होतं. ज्या भागांना त्या जाळ्यात काही मिळालं नव्हतं त्यांच्यासाठी कायद्याच्या कलम ११०५मध्ये ‘हाय प्रायॉरिटी कॉरिडॉर’ची यादी घातली गेली. सुरुवातीला त्यात २१ नावं होती. १ जानेवारी १९९४ला कॅनडा आणि मेक्सिकोशी नाफ्टा करार लागू झाला आणि उत्तर-दक्षिण रस्त्यांना एकदम भाव आला. अमेरिकेचे मूळचे मोठे रस्ते बरेचसे पूर्व-पश्चिम विचाराने आखलेले, आणि आता ट्रक मेक्सिकोच्या सीमेवरून वर येऊ लागले. लरेडोहून निघणारा आय-३५ तुंबायला लागला. दर गावाला, दर काउंटीला वाटू लागलं की आपला रस्ता म्हणजेच नाफ्टाचा रस्ता. यादी वाढत गेली आणि आज ती नव्वदच्या पुढे आहे. देशात नव्वदाहून अधिक गोष्टींना ‘उच्च प्राधान्य’ असेल तर त्या शब्दाला किती वजन उरतं हे तुम्ही धंदेवाले आहात, तुम्हाला सांगायला नको.

तुमचा पट्टा, म्हणजे पोर्ट्स-टू-प्लेन्स, या यादीत १९९८च्या ‘टी-२१’ कायद्याने आला. त्याच कायद्यात पहिल्यांदा कॉरिडॉरसाठी वेगळे पैसेही ठेवले गेले: कॉरिडॉर नियोजनाची एक योजना आणि सीमेजवळच्या रस्त्यांची दुसरी, दोन्ही मिळून वर्षाला १४ कोटी डॉलर, पाच वर्षं. अख्ख्या देशासाठी ही रक्कम तुटपुंजी होती. पुढे खासदारांनी ती आपापल्या मतदारसंघातल्या कामांच्या नावावर आधीच लावून घ्यायला सुरुवात केली. या प्रकाराला इथे ‘इअरमार्क’ म्हणतात. २००५च्या कायद्यात कॉरिडॉरसाठी सुमारे १९५ कोटी डॉलर आले, पण ते सगळेच्या सगळे कायद्यातच ठरावीक प्रकल्पांच्या नावावर लिहिलेले होते. स्पर्धा नव्हती, ज्याचा खासदार भारी त्याचा रस्ता पुढे. २०११मध्ये इअरमार्क बंद झाले आणि कॉरिडॉरची स्वतंत्र पेटीही पुढे उरली नाही. म्हणून ‘कॉरिडॉर फंडातून पैसे आणू’ असं समितीत कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की तो फंड आता नाही.

मग आज पैसे कुठून येतात? सगळ्यात मोठा भाग कायद्यात ठरलेल्या सूत्राने, म्हणजे फॉर्म्युल्याने, राज्याला जातो आणि राज्य वाटतं. २०१५पासून त्यात मालवाहतुकीसाठी वेगळा फॉर्म्युला निधीही आहे. त्याशिवाय स्पर्धात्मक अनुदानं आहेत. २०१५च्या ‘फास्ट’ कायद्याने मालवाहतुकीच्या मोठ्या प्रकल्पांसाठी पाच वर्षांत साडेचार अब्ज डॉलर ठेवले. त्या योजनेचं पहिलं नाव ‘फास्टलेन’, नंतरचं ‘इन्फ्रा’. २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्याने इन्फ्राची रक्कम वाढवली, अतिमोठ्या कामांसाठी ‘मेगा’ आणि ग्रामीण रस्त्यांसाठी दोन अब्ज डॉलरची वेगळी योजना आणली. शिवाय ‘रेझ’ आहे, जिचं नाव सरकार बदललं की बदलतं: आधी टायगर, मग बिल्ड, मग रेझ, आता पुन्हा बिल्ड. आणि २०२२च्या अर्थसंकल्पापासून इअरमार्कही परत आलेत, ‘कम्युनिटी प्रोजेक्ट फंडिंग’ या सोज्वळ नावाने. आता खासदाराला आपण काय मागितलं ते जाहीर करावं लागतं.

यातलं एकही दार ‘भावी इंटरस्टेट’ या शब्दाने आपोआप उघडत नाही. तुमच्या रस्त्याची गंमत तर अशी की १५ मार्च २०२२ला सही झालेला जो कायदा होता तो मुळात सरकारी खर्चाचाच होता. खर्चाच्या कायद्यात नाव आलं, खर्च मात्र आला नाही.

असं असताना नावाचा फायदा काय? पहिला म्हणजे, रस्ता इंटरस्टेटच्या दर्जाचा झाला की तो तुकडा इंटरस्टेट म्हणून घ्यायला पुन्हा काँग्रेसकडे जावं लागत नाही, फेडरल हायवे प्रशासन तपासून मान्यता देतं. दर्जा म्हणजे बारा फुटी पदर, उजवीकडे दहा फुटी शोल्डर (रस्त्याकडेची पक्की पट्टी) आणि मुख्य म्हणजे प्रवेश फक्त इंटरचेंजवरून. सिग्नल नाही, शेताचं फाटक नाही, आडवा रस्ता नाही. दुसरा फायदा, २०१२च्या बदलामुळे एखादा सुटा तुकडा आज दुसऱ्या इंटरस्टेटला जोडलेला नसला तरी चालतो, २५ वर्षांत जोडण्याची योजना असली म्हणजे झालं. तिसरा फायदा कागदावर दिसत नाही: राज्याच्या प्राधान्ययादीवर भांडताना हातात एक कायदा असतो.

मिशिगनपासून टेक्ससपर्यंत आखलेल्या आय-६९चं उदाहरण पाहा. तो १९९१च्या पहिल्या यादीतलाच. टेक्ससमध्ये त्याची पहिली खरी पाटी लागली २०११मध्ये, कॉर्पस क्रिस्टीजवळ, सव्वासहा मैलांच्या तुकड्यावर. वीस वर्षांत सव्वासहा मैल! पण ज्या राज्यांनी स्वतःचा पैसा काढला तिथे गोष्ट वेगळी झाली. इंडियानाने २००६मध्ये आपला टोल रोड ७५ वर्षांसाठी ३.८ अब्ज डॉलरला भाड्याने दिला आणि त्यातला काही पैसा आय-६९मध्ये घातला. इव्हान्सव्हिल ते इंडियानापोलिस हा रस्ता २०२४मध्ये पूर्ण झाला. केंटकीने त्याहून हुशारी केली: नवा रस्ता न आखता आपले जुने पार्कवे (राज्याचे द्रुतगती रस्ते) दुरुस्त करून त्यांनाच आय-६९चा दर्जा मिळवून दिला. टेक्ससनेही तेच धोरण धरलं आणि यूएस ५९, ७७, २८१ हे आहेत तेच रस्ते तुकड्या-तुकड्याने वर काढले. मागे राहिले ते ज्यांच्याकडे वॉशिंग्टनची वाट पाहण्यापलीकडे काही नव्हतं.

त्याहून शिकण्यासारखा दाखला आय-४९चा, आर्कान्सा आणि मिसुरीच्या सीमेवरचा. बेला व्हिस्टा गावाजवळचा बायपास वर्षानुवर्षं अर्धवट पडला होता. २०१२मध्ये आर्कान्साच्या मतदारांनी रस्त्यांसाठी डॉलरमागे अर्धा सेंट विक्रीकर मंजूर केला आणि त्यांच्या बाजूचं काम मार्गी लागलं. पलीकडचा मिसुरीतला तुकडा पैशाअभावी अडला होता. २०१८मध्ये त्या दुव्यासाठी अडीच कोटी डॉलरचं बिल्ड अनुदान मिळालं आणि १ ऑक्टोबर २०२१ला रस्ता सुरू झाला. अनुदान तुलनेने लहान होतं, पण ते अशा ठिकाणी मागितलं गेलं जिथे एका राज्याने आपले पैसे आधीच ओतले होते आणि एक फट बुजवली की सगळंच उपयोगी पडणार होतं. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला असा अर्ज नाकारणं जड जातं.

तुमच्याकडची फट कुठली, हे शोधणं हे समितीचं पहिलं काम.

टेक्सडॉटने २०२०मध्ये विधानसभेच्या आदेशाने आय-२७च्या विस्ताराचा अभ्यास केला. ९६३ मैल तपासले आणि खर्च आला सुमारे साडेतेवीस अब्ज डॉलर. आता ही रकमांची शिडी बघा: टी-२१मध्ये देशभराच्या कॉरिडॉरना वर्षाला १४ कोटी, २०१५मध्ये देशभराला पाच वर्षांत साडेचार अब्ज, आणि तुमचा एकटा रस्ता साडेतेवीस अब्जांचा. म्हणून ‘आमचा कॉरिडॉर पूर्ण करा’ ही मागणी कुणाच्याच टेबलावर टिकत नाही. मागणी तुकड्याची करावी लागते. पर्यावरण मंजुरीच्या नियमांतही तेच आहे: तुकड्याची दोन्ही टोकं तर्काला धरून हवीत आणि बाकीचा रस्ता कधीच झाला नाही तरी हा तुकडा स्वतःच्या बळावर उपयोगाचा ठरला पाहिजे. एखादा धोकादायक क्रॉसिंगवरचा ओव्हरपास किंवा गावाबाहेरचा रिलीफ रूट या कसोटीला उतरतो. ‘लरेडो ते (न्यू मेक्सिकोतलं) रॅटन’ हा अख्खा पट्टा उतरत नाही.

तुकडा ठरला की आकडे. खरी मेहनत इथे आहे. स्पर्धात्मक अनुदानात खर्चापेक्षा लाभ जास्त हे डॉलरमध्ये मांडून दाखवावं लागतं. महानगरात हे सोपं, कारण लाखो गाड्यांची पाच-पाच मिनिटं वाचली तरी बेरीज फुगते. तुमच्याकडे गाड्याच कमी, तेव्हा वेळेची बचत दाखवून काही हाती लागणार नाही. ग्रामीण अर्ज जिंकतात ते बहुतेक सुरक्षिततेवर. समोरासमोरच्या धडका, डावीकडे वळणाऱ्या गाडीला मागून ट्रकची धडक, रात्री अंधाऱ्या क्रॉसिंगवरचे अपघात. राज्याच्या अपघात नोंदींतून तुमच्या हद्दीतल्या गेल्या पाच-सहा वर्षांच्या घटना काढा आणि एकेका ठिकाणी कोणता उपाय केला असता तर काय टळलं असतं ते लिहा. एकूण वाहतुकीत ट्रक किती टक्के आहेत हे वेगळं मांडा. हा टक्का ग्रामीण व्यापारी रस्त्यांवर चांगलाच मोठा असतो आणि तोच तुमचा हुकमी पत्ता. माल कुठला? लबकभोवतीचा कापूस, पर्मियन बेसिनच्या तेलविहिरींचं सामान, गुरं, पवनचक्क्यांची लांबलचक पाती. पवनचक्कीचं पातं घेऊन जाणारा ट्रक गावातल्या सिग्नलवर वळताना काय होतं त्याचा एक फोटो अर्जात घाला, दहा परिच्छेदांचं काम करतो. ‘मेक्सिकोशी व्यापार वाढतोय’ हे वाक्य मात्र प्रत्येक अर्जात असतं, ते वाचून कुणी थांबत नाही.

आता एक दार, ज्याची चर्चा चेंबरच्या बैठकांत मला क्वचितच ऐकू येते. मालवाहतुकीचा जो फॉर्म्युला निधी आहे तो मुख्यतः ‘राष्ट्रीय महामार्ग मालवाहतूक जाळ्या’वरच खर्च करता येतो. त्या जाळ्यात ‘क्रिटिकल रूरल फ्रेट कॉरिडॉर’ असा एक वर्ग आहे आणि त्यात रस्ता घालायचा अधिकार काँग्रेसचा नाही, राज्याचा आहे. मैलांची मर्यादा असते, त्यामुळे राज्य ते मैल जपून वापरतं आणि काम प्रत्यक्ष जवळ आलेल्या तुकड्याला देतं. तुमच्या तुकड्याला हा दर्जा आहे का, नसेल तर पुढच्या फेरीत मिळेल का, हे टेक्सडॉटच्या मालवाहतूक विभागाला विचारा. भावी इंटरस्टेटच्या पाटीपेक्षा हा कंटाळवाणा शिक्का जास्त कामाचा आहे.

अनुदानांत गावाने स्वतः अर्ज करण्याजोगी योजना म्हणजे बिल्ड. २०२१च्या कायद्यानुसार त्यातला निम्मा पैसा ग्रामीण भागासाठी, एका प्रकल्पाला कमाल अडीच कोटी डॉलर, ग्रामीण प्रकल्पाला मॅच नसली तरी चालते, आणि नुसत्या नियोजनासाठीही मागता येतं. गावाने नियोजनाचं अनुदान मागावं असं माझं मत आहे. बांधकामाचा अर्ज टेक्सडॉटलाच करू द्या. इन्फ्रासारख्या योजनेचा करारनामा, परताव्याची बिलं, फेडरल तपासण्या हे सगळं छोट्या नगरपालिकेच्या कचेरीला झेपत नाही. अनुदान जाहीर झाल्यावर करार व्हायलाच कित्येक महिने जातात, कधी वर्षाच्या वर.

राजकारणाबद्दल थोडं. एकटं गाव कुणी ऐकत नाही. लबकहून चालणारी पोर्ट्स-टू-प्लेन्स अलायन्स ही संघटना या पट्ट्यासाठी वर्षानुवर्षं झटतेय. सभासद नसाल तर व्हा. २०२२चं यश कसं आलं पाहा: लबकचे रिपब्लिकन खासदार जोडी अॅरिंग्टन आणि लरेडोचे डेमोक्रॅट हेन्री क्वेयार, एकाच रस्त्याची दोन टोकं आणि दोन पक्ष. अशी जोडी जमली की विधेयकाला विरोध करायला कुणी उरत नाही.

पण ‘व्यापार कॉरिडॉर’ हा शब्द गावात वापरताना जपून. २००२मध्ये गव्हर्नर रिक पेरी यांनी ट्रान्स-टेक्सस कॉरिडॉर जाहीर केला होता: चार हजार मैल, जागोजागी बाराशे फुटांपर्यंत रुंद, त्यात रस्ते, रेल्वे, पाइपलाइन सगळं. शेतकऱ्यांनी हिशेब केला की आपली रानं जाणार आणि टोल खासगी कंपनीला मिळणार. सभांमधून असा भडका उडाला की २००९मध्ये राज्याने योजना सोडून दिली आणि २०११मध्ये विधानसभेने कायद्यातूनही ती काढली. ती आठवण असलेले रँचवाले तुमच्या काउंटीत आजही असतील. त्यांना आधी भेटा, सार्वजनिक सुनावणीच्या दिवशी नव्हे.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. इंटरस्टेट तुमच्या गावातून जाणार नाही. सिग्नल आणि दुकानांचे ड्राइव्हवे असलेल्या रस्त्याला तो दर्जा मिळत नाही, तेव्हा रस्ता गावाबाहेरून वळेल आणि आजचा रस्ता ‘बिझनेस ८७’ होईल. तुमच्या मोटेलसमोरून जाणारे ट्रक तिकडे जातील. समितीवर तुम्ही चेंबरचे प्रतिनिधी आहात आणि त्याच वेळी या रस्त्यावरचे व्यावसायिकही. हे पहिल्याच बैठकीत उघड सांगून टाका, नंतर कुणी बोट दाखवायला नको. बायपासला विरोध करून फायदा नाही, लढाई एक्झिटची आहे. गावाला दोन एक्झिट मिळतात की एकच, फ्रंटेज रोड (महामार्गाला समांतर सेवा रस्ता) सलग राहतो की तुटतो, निळ्या फलकांवर गावातल्या लॉज आणि गॅसची चिन्हं येतात का, हे सगळं आराखड्याच्या टप्प्यावर ठरतं. पर्यावरण अभ्यास संपला की त्यात बदल करून घेणं जवळजवळ अशक्य होतं. टेक्सडॉटच्या बैठकीत लेखी सूचना द्या. तोंडी बोललेलं नोंदीत येईलच असं नाही.

वेळापत्रकाचं म्हणाल तर २०२१च्या कायद्याची मुदत ३० सप्टेंबर २०२६पर्यंतची. अशा कायद्यांना मुदतवाढ मिळत राहते, नवा कायदा वेळेवर क्वचितच येतो. खासदारांची कार्यालयं कम्युनिटी प्रोजेक्टच्या मागण्या साधारणपणे वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत घेतात आणि खिडकी थोडेच आठवडे उघडी असते. त्या वेळी हातात टेक्सडॉटच्या डिस्ट्रिक्ट इंजिनिअरचं पाठिंब्याचं पत्र हवं, नाहीतर अर्ज तिथेच बाजूला पडतो. तेव्हा पहिलं पत्र वॉशिंग्टनला पाठवू नका. तुमचा तुकडा सॅन अँजेलो डिस्ट्रिक्टमध्ये येतो की ॲबिलीनमध्ये ते नकाशावर पाहा (यूएस ८७ मध्येच ही हद्द ओलांडतो), त्या कचेरीत भेट मागा आणि एकच विचारा: आमच्या हद्दीतलं कुठलं काम तुमच्या दहा वर्षांच्या यादीत आहे, आणि ते पुढे सरकायला काय कमी पडतंय?